माझी गवताळ सवत

संशयी बायका नवऱ्याच्या सदऱ्यावर लांब केस शोधतात. मला माझ्या नवऱ्याच्या मोज्यांत कुसळं सापडली. एखाददुसरं नव्हे, ओंजळभर, आणि दर रविवारी. आमचं लग्न नवं होतं. मी मानसशास्त्रात नुकतीच एम. ए. झाले होते आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय ते आपल्याला चेहऱ्यावरून कळतं, अशी माझी पक्की समजूत होती. एरवी घरात कप न विसळणारा हा माणूस रविवारी पहाटे उठायचा, शीळ घालत दाढी करायचा, स्वतः चहा करून थर्मासात भरायचा आणि दुपारी उन्हानं रापून, डोळ्यांत भलतंच तेज घेऊन परत यायचा. शीळ, दाढी, तेज. लक्षणं पुस्तकातली होती. मी कमरेवर हात ठेवून विचारलं, "कोण आहे ती?"

हे आधी गोंधळले. मग एकदम खूश होऊन म्हणाले, "चल, दाखवतो."

स्कूटरवरून मला सोलापूरबाहेर, नान्नजच्या माळाकडे नेलं. उतरलो. समोर काही नव्हतं. म्हणजे गवत होतं, पिवळं, गुडघ्याइतकं, थेट आभाळाला टेकेपर्यंत. दोन बाभळी होत्या, त्याही एकमेकींशी भांडल्यासारख्या लांब लांब उभ्या. हे हळू आवाजात म्हणाले, "किती देखणं आहे ना?" मी नीट बघितलं. खरं सांगते, एखादी देखणी बाई असती तर मी रडले असते, भांडले असते आणि कदाचित माफही केलं असतं. पण ही? हिच्यासाठी?

आमचे हे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. माळावर कोण कोण राहतं, कुणाचं कुणावाचून अडतं, हा त्यांचा विषय. मी समुपदेशक. माणसाच्या मनात कोण कोण राहतं आणि कुणावाचून अडतं, हा माझा. म्हणजे पर्यावरणशास्त्र आणि मानसशास्त्र आमच्या घरी एका टेबलावर जेवतात, आणि वरणात मीठ कमी पडलं की एकमेकांचा विषय काढतात. "आपल्या व्यवसायातले अनुभव लिहा," असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं. माझ्या व्यवसायात अनुभव दुसऱ्यांचे असतात, म्हणून माणसांची नावं आणि ओळखी बदलल्या आहेत. मत्सर तेवढा माझा स्वतःचा आहे. त्यात काही बदललेलं नाही.

समुपदेशक म्हणजे काय, हे सोलापुरात अजून सांगावं लागतं. मी गोळ्या देत नाही, तो मान मानसोपचारतज्ज्ञांचा. मी सल्लेही फारसे देत नाही, त्यासाठी प्रत्येक घरात एक काका असतोच. मी ऐकते. समोरच्याचं बोलणं संपलं असं वाटलं की आणखी थोडा वेळ गप्प बसते, कारण खरी गोष्ट बहुतेक वेळा त्यानंतर येते. ही गप्प बसण्याची विद्या मला घरी मात्र वापरता आलेली नाही. माझी खोली पहिल्या मजल्यावर आहे आणि खाली दातांचा दवाखाना. याचा मला फार फायदा झाला. माझ्याकडे येणारे निम्मे लोक जिना चढताना गालाला हात लावून चढतात. ओळखीचं कुणी भेटलं तर "दाढ ठणकतीय" म्हणायची सोय. एकदा एका गृहस्थांना खालच्या कंपाउंडरनं खरोखरच खुर्चीत बसवलं होतं. भिडस्त माणूस. आ करून बसला बिचारा.

तर असे हे दबकत येणारे लोक मी महिनोन् महिने चुचकारून बोलते करायची, आणि माझी सवत त्यांना एका रविवारात पळवायची.

पहिले गेले ते बँकेतले साहेब. सकाळी कुलूप उघडायच्या वेळी त्यांची छाती भरून यायची, श्वास पुरायचा नाही. हृदय ठणठणीत. मी त्यांच्याशी बालपणापासून सुरुवात केली होती आणि आम्ही जेमतेम चौथीच्या परीक्षेपर्यंत आलो होतो. तेवढ्यात माझा विसरलेला डबा द्यायला आमचे हे आले, जिन्यात त्यांची गाठ पडली आणि यांनी रविवारचं आमंत्रण दिलं. साहेब माळावर गेले. तिथं टिटवीनं उघड्या जमिनीवर, चार खड्यांच्या मधे अंडी घातली होती. ना आडोसा, ना काडी. साहेब म्हणे त्या अंड्यांकडे बघत उकिडवे बसले आणि वडील गेल्यापासून जे कुणापुढं बोलले नव्हते ते सगळं बोलले. टिटवीसमोर! मी काय कमी गप्प बसले होते? पुढच्या आठवड्यात घरी पेढे आले, "सरांना" म्हणून. मी एक खाल्ला. चांगला होता, याचाच जास्त राग आला.

दुसरे टेंभुर्णीचे हॉटेलवाले. ते स्वतःसाठी यायचेच नाहीत. "मॅडम, आमच्या मेव्हण्याला लई भ्या वाटतंय बगा, गर्दीत गेलं की घाम फुटतुय." मेव्हण्याच्या नावानं ते घाम पुसत सगळं सांगायचे. मीही मेव्हण्याचीच चौकशी करायची. मेव्हण्याकडून त्यांच्यापर्यंत पोचायला मी किती नाजूक वाट आखली होती! मग तेही एका रविवारी माळावर गेले आणि सोमवारी फोन आला, "मॅडम, मेव्हणा सुधारला."

मी प्रतिहल्ला केला. खोलीत बाटलीतला मनीप्लँट आणला, भिंतीवर हिरव्यागार धबधब्याचं मोठं चित्र लावलं. मनीप्लँट पिवळा पडला. चित्राकडे बघून एक बाई म्हणाल्या, "मॅडम, हे कुठलंय ओ? गाडी जाती का तिथपर्यंत?"

रात्री जेवताना हे समजावून सांगायचे. हा माणूस समजावून सांगतो तेव्हा सर्वांत असह्य होतो. "अगं, मोकळ्या गवतात माणसाला लांबपर्यंत दिसतं. कुणी दबा धरून बसलेलं नाही हे शरीराला आधी कळतं, डोक्याला मागाहून. मन काय फक्त कवटीत राहतं होय? ते भोवतालात पसरलेलं असतं."

"मग मी काय रिकाम्या कवट्या तपासत बसते?"

"तसं नाही गं."

तसंच होतं. सवतीबद्दल इतकं ममतेनं बोलणारा नवरा समोर बसून दही मागतो, तेव्हा बाईनं काय करावं? मी दही दिलं.

आणि मग नरसय्यामामा आले.

त्यांना त्यांचा मुलगा व्यंकटेश घेऊन आला. घर पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत. व्यंकटेशचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, नव्या पद्धतीच्या मागांचा. मामांचे मात्र जुने चार यंत्रमाग राहत्या घरातच होते. पुढच्या सोप्यात माग, मागं स्वयंपाकघर, वर झोपायचं. पोरं त्याच खडखडाटात जन्मली, अभ्यासाला बसली, शिकून मोठी झाली. आता परिस्थिती सुधारली, तसे व्यंकटेशनं माग मोडीत काढले. सोप्यात फरशी घातली, सोफा आणला, खिडक्यांना दुहेरी काचा बसवल्या, दारात कुंड्या ठेवल्या. "अप्पांना आराम पाहिजे की ओ. जन्म गेला खडखडाटात," तो म्हणाला. खरोखर मायेनं म्हणाला.

त्या आरामात मामा वाळायला लागले. जेवण तुटलं. झोप गेली. माणसांत बसेनात. आणि घरच्यांना सर्वांत भिववणारी गोष्ट म्हणजे मामा ओठ हलवायचे, आवाज न काढता. भरभर, बराच वेळ, मधेच भुवया उडवत, जणू समोर कुणी आहे. व्यंकटेश खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, भुताशी बोलल्यागत वाटतंय." घशाच्या डॉक्टरांनी घसा उत्तम म्हणून सांगितलं होतं. मानसोपचारतज्ज्ञांनी झोपेची औषधं देऊन माझ्याकडे पाठवलं होतं. अन्न असंच सुटत गेलं तर दवाखान्यात ठेवून नळीनं भरवावं लागेल, असंही त्यांनी घरच्यांना बजावलं होतं.

बरोबर मामांची बायको होती, राजम्मा. ठसठशीत कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या, काठापदराचं लुगडं. मी काही विचारलं की मामा मला "व्हय", "न्हाई" एवढं तरी उत्तर द्यायचे, खरखरीत, न वापरलेल्या आवाजात. राजम्माकडे वळले की नुसते ओठ हलायचे. राजम्मा खिडकीबाहेर बघत बसायच्या. मला वाटलं, बाई फार थकली आहे.

मी माझी सगळी हत्यारं वापरली. गप्प बसले. मामा माझ्याहून जास्त गप्प बसू शकतात असं निघालं. पुढच्या खेपेला त्यांच्या मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकलेलं बघितलं, तेव्हा मी घरी येऊन, दात आवळून, यांना म्हणाले, "रविवारी एक पेशंट न्यायचाय."

हे चकित झाले. "माळावर? तू सांगतेस?"

"जास्त बोलू नका. मीही येणार आहे."

माझा पराभव मला समोर उभं राहून बघायचा होता.

रविवारी यांनी गाडी नेहमीच्या जागी लावली आणि इंजिन बंद केलं. वारा पडलेला होता. कुठं पान हलत नव्हतं. हे कुजबुजले, "मामा, ऐका. काहीच नाही ऐकू येत. सोनं आहे हे." मामांनी ऐकलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले, ते काढले, पुन्हा ठेवले, आणि एकदम वळून गाडीकडे धावले. यांना खुणेनं सांगू लागले, चालू करा, चालू करा. यांनी किल्ली फिरवली. जुनी डिझेल गाडी आमची, खडखडत सुरू झाली. मामांनी बॉनेटवर तळहात टेकला, डोळे मिटले आणि हळूहळू त्यांचा श्वास जाग्यावर आला. समोर सोनं पसरलेलं आणि हा माणूस बॉनेटला बिलगलेला. इंजिन बंद करायला जरा हात गेला की ते डोळे वटारायचे.

आता मी जे सांगणार आहे ते माझ्या व्यवसायाला शोभणारं नाही. मला आनंद झाला. असा आनंद की हसू लपवायला मला पदराचं टोक तोंडात धरावं लागलं. माझ्या सवतीला नाकारणारा एक तरी माणूस या जगात होता! मी मनातल्या मनात मामांना साष्टांग नमस्कार घातला. आणि यांच्याकडे बघितलं, की आता तरी तोंड उतरलं असेल. तर हे मामांकडे अशा नजरेनं बघत होते, ज्या नजरेनं ते फक्त एखाद्या पक्ष्याकडे बघतात.

परतीच्या वाटेवर मामांना घरी सोडलं आणि हे म्हणाले, "आमच्या माळावर लोकांनी काय केलं माहीत आहे? उजाड दिसतो म्हणून कळवळून झाडं लावली. चांगल्या मनानं, खड्डे खणून, पाणी घालून. झाडं वाढली. आणि जे पक्षी फक्त उघड्यावरच जगतात, ते निघून गेले. त्यांना सावली नको होती, गवत हवं होतं. लोकांना वाटलं, आपण उपकार केले."

"बरं मग?"

"मामांच्या पोरानं त्यांच्या माळावर झाडं लावली."

मी खिडकीबाहेर बघितलं. माझ्याकडे आलेला पेशंट, माझ्या खोलीत बसलेला पेशंट, आणि निदान करतो कोण? टिटवीचा नवरा! तेही बरोबर! मला रडू आलं. मी म्हणाले, "डोळ्यात कचरा गेला."

पण निदान बरोबर असून भागत नाही. मी व्यंकटेशला बोलावून सगळं सांगितलं. पोरगा गुणी. म्हणाला, "सोफा काढतो, एक जुना माग परत बसवतो." दुसऱ्या दिवशी जिना दणाणला. राजम्मा एकट्या आल्या होत्या, गालाला हात न लावता.

"माग परत आणायचा न्हाई," उभ्या उभ्याच म्हणाल्या.

"बसा तर, राजम्मा."

"बसायला न्हाई आले. लग्न करून आले तवा अक्षता काढायच्या आदी मागापुढं उभं केलं मला. सवत घरात, मी दारात! ह्यास्नी जेवताना बगितलं तरी एक डोळा मागावर. सूत तुटलं की ताट सोडून पळायलेत. मी आजारी पडले तवा कोण पळालं? आता ती गेली. मला चिमणी ऐकू यायली मॅडम, म्हातारपणी. माग आला तर मी माहेरी जाणार."

"माहेरी कोण आहे?"

"कोणच न्हाई. तरी जाणार!"

आणि बसल्या. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं मी एका गवताच्या नावानं बोटं मोडत होते आणि ही बाई एका लोखंडाच्या. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. पण मी खुर्चीत होते, आणि खुर्चीत असताना मी कुणाच्या बाजूची नसते. घर एक. एकाला जगायला खडखडाट लागतो आणि दुसरीला चिमणी. आमच्या ह्यांच्या माळावर असं झालं तर एक प्राणी निघून जातो. या वयात यांच्यातलं कोण निघून जाणार होतं?

शेवटी तोडगा निघाला तो मामांच्या चुलतभावाचा. त्याच्याकडे एमआयडीसीत अजून जुने धोट्याचे माग चालतात. धोटा म्हणजे ती लाकडाची होडी. पोटात सुताची कांडी घेऊन या टोकापासून त्या टोकाला आपटत पळते. सगळा खडखडाट तिचा. व्यंकटेशच्या नव्या मागांना धोटा नाही, त्यामुळे मामा तिथं एकदा जाऊन तसेच परत आले होते. दिवसभर मामांना चुलतभावाच्या शेडमध्ये बसवायचं, घरात शांतता राहील. राजम्मा "बगू" म्हणाल्या. पहिल्या दिवशी आम्ही सगळेच गेलो. मी, मामा, राजम्मा, आणि आमचे हे, न बोलावता.

शेडमध्ये पाऊल टाकलं आणि माझ्या छातीतली बरगडी न् बरगडी वाजायला लागली. बोललेलं स्वतःलाही ऐकू येईना. आणि मामा? ज्यांना आम्ही दंडाला धरून आणलं होतं, त्यांनी माझा हात सोडवला. पाठ ताठ झाली. मागांच्या दोन ओळींमधून ते असे निघाले, जसा गावचा पाटील जत्रेत निघतो. तिसऱ्या मागावर थांबले, सुताचं तुटलेलं टोक दोन बोटांत पकडून गाठ मारली, आणि वळून दारात उभ्या राजम्मांकडे बघून ओठ हलवले. भरभर, भुवया उडवत.

राजम्मांचे ओठ हलले.

क्षणभरच. मग त्यांनी ते घट्ट मिटले आणि इतर वेळी खिडकीकडे बघतात तसं भिंतीकडे बघितलं. पण मी समोरच्याचा चेहरा वाचूनच पोट भरते. मी आजूबाजूला पाहिलं. सगळ्या शेडमध्ये ओठ हलत होते. दोन टोकांना उभे असलेले कामगार आवाजावाचून गप्पा मारत होते, हसत होते, एक जण बहुधा शिवीही देत होता. मी राजम्मांना हाताला धरून बाहेर, गेटापाशी ओढत आणलं.

"तुम्हाला कळतं! मामा काय बोलतात ते तुम्हाला सगळं कळतं!"

"कळतंय की," त्या शांतपणे म्हणाल्या. "मागावर असंच बोलतेत सगळे. आमचं लग्न झाल्यापासनं असंच."

"मग व्यंकटेशला भूत वाटेपर्यंत..."

"त्याला काय कळतंय? पोरं शाळेत गेली, मागावर उभी ऱ्हायली न्हाईत. त्याच्याशी बाहेर आवाजात बोलायचे. गिऱ्हाइकाशी आवाजात. कुत्र्याला हाड म्हणायचे ते आवाजात. आवाज न्हाई तो मलाच. घरात माग, घरात मी, मला नुसते ओठ." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "माग गेले तवा म्हटलं, आता ऐकू येईल. तर समोर बसूनबी ओठच हलवायलेत. सवय! मी म्हटलं, मी न्हाईच बगणार. आवाज काढ, मग बगते. आवाज काय काढला न्हाई की ओ. मी बगत न्हाई, हे जेवत न्हाईत."

म्हणजे मामांना शांतता खात होती हे खरं. आणि त्या शांततेत चार हातांवर बसलेली बायको आपल्याकडे बघत नाही, हेही त्यांना खात होतं. यांचं निदान अर्धं होतं! उरलेलं अर्धं माझं! त्या गेटापाशी, त्या उन्हात, मला नाचावंसं वाटलं. पण राजम्मांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

"आता काय करू सांगा. आता बगितलं तर मरेपर्यंत ओठच बगायचे. न्हाई बगितलं तर माणूस जातंय हातचं."

मी माझी विद्या वापरली, गप्प बसले. राजम्मांनी थोडा वेळ वाट बघितली, मग "काय उपेगाच्या न्हाईत ओ तुमी," असं म्हणून त्या परत शेडमध्ये गेल्या, मी मागोमाग दारापर्यंत. या खेपेला त्या दारात थांबल्या नाहीत. सरळ मागांच्या मधून मामांकडे चालत निघाल्या.

मामांनी त्यांना येताना बघितलं. त्यांचे ओठ हलले. राजम्मा चालत राहिल्या. मामांनी हात वर केला, ओठ जोरानं हलले, गळ्याच्या शिरा फुगल्या. आणि त्याच वेळी वीज गेली.

एमआयडीसीत वीज जाते यात काही नवल नाही. पण इतके माग एका झटक्यात थांबले की जी शांतता होते, ती माळावरही नसते. त्या शांततेत पातळ, चिरका, पोरासारखा एक आवाज शेडभर घुमला. तेलुगूत होता, पण एवढी वर्षं या शहरात काढून तेवढं मला समजतं. "पदर सांभाळ गं! पट्ट्यात जाईल!"

मोटरपासून मागाला जाणारे पट्टे असतात, त्यांत लुगडं अडकलं की माणूस ओढला जातो. लग्नाच्या दिवसापासून, बायको जवळून गेली की प्रत्येक वेळी मामा हेच सांगत आले असणार. तोंडानं. भीतीपोटी आवाजासकट. त्या खडखडाटात आपल्याला आवाज आहे हे त्यांना तरी कुठं कळत होतं?

कामगार हसायला लागले. मामांनी घाबरून तोंडावर हात ठेवला. राजम्मा जिथं होत्या तिथं उभ्या. मग सावकाश, अगदी मोठ्यानं, म्हणाल्या, "माग बंद हाय. कसला पट्टा?"

मामांनी हात काढला. इकडे तिकडे बघितलं. घसा खाकरला. पुटपुटले, पण ऐकू येईल असं पुटपुटले, "चालू झाला तर?"

आणि चालू झाला. वीज आली, धोटे पळायला लागले, पुन्हा बरगड्या वाजायला लागल्या. मामा काहीतरी सांगतच होते, ओठ हलत होते. राजम्मांनी कानामागं हात धरला आणि मान हलवली, ऐकू येत नाही. मामांनी आणखी जोरानं ओठ हलवले. राजम्मांनी पुन्हा मान हलवली. भामटी! मग त्यांनी पाठ फिरवली आणि त्या आल्या वाटेनं, माझ्या अंगावरून, उन्हात बाहेर पडल्या.

मामांनी मागाकडे बघितलं. मग दाराकडे. तळहात मागाच्या लाकडावर एकदा ठेवला, आणि उचलला, आणि निघाले.

आमचे हे माझ्या कानाशी ओरडले, "अधिवास सोडून निघाला बघ!" मी त्यांचा दंड चिमटीत धरला. अशा वेळी शास्त्र बोलणाऱ्या माणसाला दुसरं काय करणार?

राजम्मा गेटापलीकडे, रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. तिथं माग नव्हता, मोटर नव्हती, पट्टा नव्हता. एक सायकलवाला डबा लटकवून चालला होता, तेवढाच. मामा त्यांच्या चार पावलं मागं जाऊन थांबले. राजम्मांनी वळून बघितलं नाही. त्यांनी फक्त खांद्यावरून पदर सैल सोडला. भर वाऱ्यात. आणि लांबवर फडफडू दिला.

मी शेडच्या दारातून बघत होते. इथून मला काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. राजम्मांचा चेहरा तेवढा एका बाजूनं दिसत होता, आणि त्यावरून मामांचा आवाज तिथं पोचला हे समजायला कुठलीही पदवी लागत नव्हती. माळाचा मी आयुष्यभर हेवा केला. पण त्या क्षणी त्या बाईचा जितका केला, तितका कुणाचाच नाही.